माझ्या बाजूचा ब्रेक

लोकरवाल्या बाईंनी मला पायमोजे विणून दिले त्या दिवसापासून माझ्या पायांना चैन नाही.

मोजे उत्तम होते. गडद निळे, जाड, टाचेला दुहेरी वीण. बाईंचं लोकरीचं छोटं दुकान आहे, त्यामुळे लोकर निवडण्यात कसूर नाही. ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यावर दोन दिवसांनी, गुरुवारी सकाळी, त्या आमच्या ऑफिसात आल्या. टेबलावर पुडकं ठेवलं आणि माझ्या बायकोला सांगू लागल्या की यांच्यासारखा शिकवणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"सर, सहा महिने मी मधूनमधून तुमच्या पायांवर नजर टाकत होते. एकदाही हलले नाहीत. नुसतं बसून बसून गार पडत असतील, म्हणून विणले."

मी हसलो. दुसरं काय करणार होतो? जाताना दारात थांबून त्यांनी सांगितलं की सोमवारी त्या स्वतः गाडी चालवून नवऱ्याला हॉस्पिटलात नेणार आहेत. शेजाऱ्यांची मनधरणी संपली, एकदाची सुटले, असं म्हणाल्या. त्या गेल्यावर बायकोने मोजे हातात घेतले, वीण निरखली आणि म्हणाली, घाला की. मी म्हटलं, उकडतंय. त्या दिवशी बाहेर चांगला गारठा होता.

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट सांगायला हवी. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की आपण तो दाबायचा. आमच्याकडे त्या ब्रेकला एक बझर जोडलेला असतो. मी ब्रेक दाबला की डॅशबोर्डखाली तो कर्कश ओरडतो. टेस्टच्या वेळी इन्स्पेक्टर मागच्या सीटवर बसतात, मी माझ्या जागेवर. बझर वाजला की शिकणारा नापास. वाद नाही, चर्चा नाही.

माझ्या गाडीतला बझर सरावात चार वर्षं वाजला नव्हता. त्याची वायर मी काढून ठेवली होती.

का काढली, तेही सांगतो. पूर्वी मी फार ओरडायचो. माझं तोंड म्हणजे दुसरा हॉर्नच होता, आणि तो काढता येत नव्हता. औषधांच्या दुकानातली एक मुलगी शिकायला यायची. एकदा तिने क्लच असा सोडला की गाडी चौकात तीनदा उड्या मारून बंद पडली. मी बोलायचं ते बोललो आणि बोलू नये तेही बोललो. तिने हँडब्रेक ओढला, किल्ली काढून माझ्या मांडीवर ठेवली, दार उघडलं आणि सिग्नलमधून चालत निघून गेली. मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवतेय, आणि मी शेजारच्या सीटवर किल्ली घेऊन बसलोय. ती परत आली नाही. रात्री जेवताना बायकोने एवढंच विचारलं, तुम्ही गाडी शिकवता की सूड उगवता?

तेव्हा कानाला खडा लावला. नाही ओरडायचं. बायकोने नवी पाटी रंगवून घेतली. शाळेच्या नावाखाली लिहिलं, 'इथे ओरडलं जात नाही.' पाटीने कमाल केली. गावभरातली घाबरट माणसं माझ्याकडे येऊ लागली. नापास झालेली, नवऱ्यांनी शिकवून शिकवून रडवलेली, साठीला टेकलेली. मी त्यांच्याशी इतक्या मऊ आवाजात बोलायचो की माझा मलाच राग यायचा. पण बझर मात्र ओरडायचाच. तो वाजला की शिकणारी माणसं दचकायची, कान लाल व्हायचे, पुढची दहा मिनिटं गिअर चुकत राहायचे. एक दिवस मी वाकून वायर उपसली. बायकोला सांगितलं, खराब झालाय.

मग मला एक कला साधली. पाय कायम ब्रेकवर टेकवून ठेवायचा. कुणी चुकलं की पाऊल उचलायचं नाही, नुसता चवडा दाबायचा, लोण्यात सुरी जावी तसा. गाडी हळू व्हायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली. चेहरा उजळायचा. तो उजळलेला चेहरा पाहण्याची मला चटक लागली. मी त्याला दया म्हणत होतो. टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मात्र मी वायर परत जोडायचो. तेवढा प्रामाणिकपणा होता.

लोकरवाल्या बाईंच्या टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मी वायर जोडायला विसरलो. विसरलो, असं मी स्वतःला चार दिवस सांगत होतो.

बाई सत्तावन्न वर्षांच्या. त्यांचा नवरा तीस वर्षं बस चालवायचा. मी त्यांना उस्ताद म्हणतो, आमच्या धंद्यात थोरल्या ड्रायव्हरला तसंच म्हणतात. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. डोकं शाबूत, समजतं सगळं, पण तोंडातून फक्त "हा" निघतं, कमीजास्त लांबीचं. आठवड्यातून तीन दिवस त्यांना व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागायचं. घरची गाडी अंगणात कापडाखाली झाकलेली, आणि बाई शेजारपाजाऱ्यांच्या हातापाया पडून नवऱ्याला नेत होत्या. कुणाला वेळ नसला की तो दिवस बुडायचा. म्हणून त्या शिकायला आल्या. दुसऱ्या एका शाळेत दोनदा नापास होऊन आल्या होत्या.

त्यांचा दोष एकच होता, पण खोल होता. एरवी त्या नेटकी गाडी चालवायच्या. आरसा, इशारा, गिअर, सगळं जागच्या जागी. अचानक काही पुढ्यात आलं की मात्र त्यांचा पाय दगड व्हायचा. एक सेकंद, जास्तीत जास्त दीड. मग ब्रेकवर जायचा. तो क्षण मी माझ्या चवड्याने भरून काढायचो. सुरुवातीला वाटलं होतं, धीर आला की पाय आपोआप सुटेल. धीर आला, पाय सुटला नाही. कसा सुटणार? त्याला कधी गरजच पडली नव्हती.

आणि त्याहून वाईट एक गोष्ट आहे. ती मी बायकोलाही लगेच सांगितली नव्हती.

टेस्टच्या पंधरा दिवस आधी बाई उस्तादांना सरावाला घेऊन आल्या. म्हणाल्या, यांनाही बघू दे. त्यांना मागच्या सीटवर मधोमध बसवलं. बाजाराच्या रस्त्यावर एक सायकलवाला आडवा आला. बाईंचा पाय थिजला, मी चवडा दाबला, गाडी थांबली. बाई खूश. मागून उस्तादांचा आवाज आला, "हा, हा, हा." बाईंनी गाडी कडेला घेतली आणि मागे वळल्या. उस्ताद डाव्या हाताने स्वतःच्या गुडघ्यावर थापट्या मारत होते आणि मग बोट दाखवत होते. माझ्या पायाकडे. पुन्हा गुडघा, पुन्हा माझा पाय. तीस वर्षं ज्याने बस चालवली त्याला ब्रेक कोणाच्या पायाने लागला ते बसल्या जागी कळतं.

काय म्हणतायत हो सर, असं बाईंनी मला विचारलं. बायकोला नवऱ्याचं कळेना, आणि ड्रायव्हरचं ड्रायव्हरला कळेल अशी त्यांची भाबडी समजूत.

मी म्हणालो, "उस्ताद म्हणतायत, तुमचा पाय आता अगदी माझ्या पायासारखा बसलाय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आरशात उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. ते थोडा वेळ हात हलवत राहिले, मग हात मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघू लागले. ज्याच्याकडे एकच शब्द उरला होता, त्याचा तोही शब्द मी पळवला. आणि एवढं करून घरी येऊन मी पोटभर जेवलो.

टेस्टच्या दिवशी शेवटच्या वळणावर एक बाई बाबागाडी घेऊन झेब्रा क्रॉसिंगवर उतरली. आमच्या बाईंचा पाय दगड झाला. माझ्याकडे विचार करायला वेळ नव्हता, असं म्हणायची सोय आहे, कारण तिथे कुणीही ब्रेक दाबलाच असता. दाबायलाच हवा होता. पण बझर वाजायला हवा होता, आणि वाजला नाही, आणि मी मागे वळून इन्स्पेक्टरना सांगितलं नाही. त्यांनी कागदावर सही केली. ब्रेकिंग उत्तम, असा शेरा दिला. तो शेरा माझा होता.

शनिवारी दुपारी बायकोने पुन्हा मोज्यांचं विचारलं आणि मी सगळं ओकलो. वायर, चवडा, उस्ताद, सगळं. ती वहीत पुढच्या आठवड्याच्या वेळा मांडत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि खिडकीतून दिसणाऱ्या पाटीच्या मागच्या बाजूकडे पाहिलं. मला वाटलं ती समजूत घालेल, हेतू तरी चांगला होता असं काहीतरी म्हणेल. ती तसलं काही म्हणाली नाही.

"पूर्वी तुम्ही ओरडून त्यांना लहान करत होतात," ती म्हणाली, "आता न ओरडता करता. त्या मुलीला निदान उठून जाता आलं."

मग तिने विचारलं, सोमवारी त्या गाडी काढणार ना? मी मान हलवली. तिने वही मिटली आणि म्हणाली, आज शनिवार आहे.

रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. 'बाई, एक सांगायचंय,' इथपर्यंत छान जमायचं. पुढे गाडी बंद पडायची. फाटकातून पाहिलं तर अंगणातलं कापड निघालेलं. गाडी धुऊन पुसून लखलखीत, आणि बाई घराच्या दारापाशी उस्तादांशी झटत होत्या. उस्तादांना कोट घातलेला, केस विंचरलेले, पण ते डाव्या हाताने दाराची चौकट धरून बसले होते आणि सोडत नव्हते.

"बघा ना सर," बाई म्हणाल्या, "उद्याच्या आधी एक फेरी मारू म्हणते, तर हे बसायलाच तयार नाहीत. आयुष्यभर लोकांना बसवून फिरवलं, आणि आता बायकोच्या गाडीत बसायला लाज वाटते यांना."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. लाज त्यांची नव्हती.

तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण बाईंचा चेहरा असा काही फुलला होता की मला वाटलं, एक सोपी फेरी होऊ दे, रविवारचे रस्ते मोकळे आहेत, परत आलो की शांतपणे सांगू. पुन्हा तोच उजळलेला चेहरा, पुन्हा तीच चटक. मी म्हणालो, मी पुढे बसतो, उस्ताद मागे बसतील. मी पुढे बसतोय म्हटल्यावर उस्तादांनी चौकट सोडली. त्यांनी माझ्यावर नव्हे, माझ्या पायावर भरवसा ठेवला. आणि आम्ही दोघंही एक गोष्ट विसरलो. ती गाडी शाळेची नव्हती.

दोन गल्ल्या बाईंनी झकास चालवली. तिसऱ्या गल्लीच्या कोपऱ्यावर एका दवाखान्याच्या पायऱ्या धुणारा माणूस होता. तो खराट्याने पाणी ओढत ओढत पाठमोरा थेट रस्त्यावर आला, शेजारी बादली. बाईंचा पाय दगड झाला. माझा चवडा आपसूक खाली गेला आणि रबरी चटईवर आपटला. खाली काही नव्हतं. मी पुन्हा दाबला. बुडता माणूस काठी शोधतो तसा मी त्या चटईवर ब्रेक शोधत होतो. मागून उस्ताद ओरडले, "हाऽ." तेव्हा कुठे मला हँडब्रेक दिसला आणि मी तो दोन्ही हातांनी उपटावा तसा ओढला.

गाडी तिरकी होऊन थांबली. बादली बंपरखाली चेपली. तो माणूस पायरीवर चढून छातीवर हात ठेवून उभा होता. त्याला खरचटलंही नव्हतं. त्याने आम्हाला यथेच्छ शिव्या दिल्या आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. मी उतरून माफी मागितली, नवी बादली आणून द्यायचं कबूल केलं, आणि परत येऊन बसलो.

बाई स्टिअरिंग धरून होत्या. त्यांना काही समजत नव्हतं. मी ब्रेक मारला होता, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. नेहमीसारखाच मारला होता. गाडीत काही बिघाड असेल का, दीड वर्ष उभी होती ना.

मी म्हणालो, "बाई, गाडीत बिघाड नाही. नेहमी ब्रेक मी मारत होतो."

आणि मग सगळं सांगितलं. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही कामाला आलं नाही. वायरीचं सांगितलं. टेस्टच्या दिवशीच्या बाबागाडीचं सांगितलं. किती वेळा, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मोजलं नाही. त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. रडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हेही खरंच सांगतो.

मग त्या मागे वळल्या. "अहो, तुम्हाला माहीत होतं?"

उस्तादांनी डाव्या हाताने गुडघ्यावर थापट्या मारल्या आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी केलं होतं अगदी तसंच. बाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. त्यांना तो दिवस आठवला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तो चेहरा उजळलेला नव्हता.

"ब्रेकचं एक वेळ समजू शकते," त्या म्हणाल्या. "मला वाईट वाटू नये म्हणून केलंत. पण यांचं बोलणं तुम्ही बदललंत. दीड वर्षात हा माणूस एकदा काहीतरी सांगत होता."

मी उतरून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. त्या मागे उस्तादांशेजारी जाऊन बसल्या.

गाडी मी चालवत परत आणली. फाटकाशी मी म्हणालो की उद्यापासून मी दोघांना हॉस्पिटलात सोडत जाईन, दर वेळी, कितीही दिवस. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, तुम्ही पुन्हा माझं काम स्वतःच करायला निघालात. उद्या शाळेची गाडी घेऊन या. चालवणार मी. वायर जोडून आणा. आणि लायसन्स कपाटात राहील, मी म्हणेन तेव्हा बाहेर निघेल. घरात जाता जाता थांबल्या.

"आणि ते मोजे घेऊन या. उसवून टाकते."

सोमवारी मी मोजे दिले. त्यांनी ते न बघता पिशवीत टाकले. वायर मी रात्रीच जोडली होती. उस्ताद मागे मधोमध बसले. पहिल्याच चौकात पुढची गाडी थांबली, बाईंचा पाय थिजला, मी ब्रेक दाबला आणि चार वर्षांनी सरावात बझर ओरडला. बाई दचकल्या. कान लाल झाले. माझ्या तोंडावर 'असू दे, असू दे' आलं होतं, ते मी गिळलं. आरशात उस्तादांनी एक बोट वर केलं. हॉस्पिटलपर्यंत चार बोटं झाली. येताना तीन. बाई घामाघूम झाल्या, पण त्यांनी गाडी कडेला घेतली नाही. इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन मी माझं काय ते सांगून आलो. त्यांनी माझं टेस्टला बसणं सहा महिने बंद केलं. पाटी उतरवावी का, असं मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, राहू दे, पण बझरला वाजू दे.

काही जण सोडून गेले. ओरडणाऱ्या गाडीत कोण बसणार?

बाई मात्र सोमवार, बुधवार, शुक्रवार येत राहिल्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. रविवारी रिकाम्या मैदानात मी अवचित "थांबा" म्हणायचो आणि त्या ब्रेक मारायच्या, तासन्‌तास, नुसतं तेवढंच. हे मला सहा महिन्यांपूर्वी सुचायला हवं होतं. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटं. पाचव्यात एक. सहाव्या आठवड्यात पुन्हा तीन झाली, आणि त्या दिवशी बाई गाडीतून उतरल्यावर फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मी उस्तादांना उतरवून घेतलं. न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

नवव्या आठवड्यातल्या बुधवारी बाजाराच्या रस्त्यावर, जिथे सायकलवाला आला होता तिथेच, एक कुत्रं गाडीखाली घुसल्यासारखं आलं. माझा चवडा ब्रेकवर होता. मी दाबायच्या आत गाडी थांबली, करकचून, आमची डोकी पुढे गेली. बझर वाजला नाही. कुत्रं शेपूट हलवत पलीकडे गेलं. बाई समोर बघत होत्या. त्यांनी मला विचारलं नाही. मागे वळून विचारलं, "अहो?"

उस्तादांनी डावी मूठ आवळून वर धरली. एकही बोट नाही. मग त्यांनी गुडघ्यावर थाप मारली आणि बोट दाखवलं. या वेळी बाईंच्या पायाकडे.

काय म्हणतायत, ते त्यांनी मला विचारलं नाही. त्यांना कळलं होतं. त्यांनी गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली. हॉस्पिटलपर्यंत मी काहीच केलं नाही. पाऊल ब्रेकवरून उचलून चटईवर ठेवलं आणि तसाच बसून राहिलो. थंडीचे दिवस होते. पाय गारठून गेले. मोज्यांचा विषय मी काढला नाही, आणि त्यांनीही काढला नाही.